राज्य-अर्थसंकल्पविषयक संघर्ष, अमेरिकेतील
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटक राज्यांच्या जमाखर्चाच्या अंदाजास मान्यता देताना राज्यपाल व विधिमंडळ यांच्यात निर्माण होणारे मतभेद आणि ते मिटविण्याची संविधानात्मक पद्धती. अमेरिकेत राज्यपाल हा मतदारांनी प्रत्यक्ष निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो. त्याची मुदत निश्चित असते व विधिमंडळाच्या विश्वासावर ती अवलंबून नसते. विधिमंडळही स्वतंत्रपणे निवडले जाते. त्यामुळे राज्यपाल एका पक्षाचा व विधिमंडळातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे, अशी स्थिती अनेकदा उद्‌भवते. अर्थसंकल्प नामंजूर झाला, तरी राज्यपालास पद सोडावे लागत नाही आणि विधिमंडळही विसर्जित होत नाही. मतभेद सोडविण्यास तडजोड किंवा नकाराधिकार हेच मार्ग उरतात.

कार्यपद्धती : राज्यपाल सामान्यतः वर्षाच्या प्रारंभी अर्थसंकल्प विधिमंडळास सादर करतो. बहुतेक राज्यांत तो केवळ प्रस्ताव असतो व विधिमंडळ त्यात हवे ते फेरफार करू शकते. न्यूयॉर्कमधील व्यवस्था मात्र वेगळी आहे. तेथील १९२७ च्या संविधानदुरुस्तीनुसार राज्यपालाच्या विनियोजन विधेयकातील बाबी विधिमंडळ वगळू शकते किंवा कमी करू शकते. नव्या बाबी त्यास स्वतंत्रपणे दाखवाव्या लागतात. सेहेचाळीस राज्यांचे वित्तीय वर्ष १ जुलैस सुरू होते. न्यूयॉर्कमध्ये ते १ एप्रिलला, टेक्ससमध्ये १ सप्टेंबरला, तर ॲलाबॅमा व मिशिगन या राज्यांत १ ऑक्टोबरला सुरू होते. बहुतेक सर्व राज्यांत अर्थसंकल्प संतुलित असावा, असे बंधन आहे. संघशासनाप्रमाणे तूट ठेवून खर्च चालू ठेवण्याची मुभा राज्यांना नसल्यामुळे करवाढ करावयाची की खर्चकपात, हा प्रश्न दरवर्षी टोकदार होतो.

नकाराधिकाराचे प्रकार : संपूर्ण विधेयक नाकारण्याचा अधिकार आता सर्व राज्यपालांना आहे. उत्तर कॅरोलायनाच्या राज्यपालास तो १९९६ च्या दुरुस्तीने सर्वांत शेवटी मिळाला. अर्थसंकल्पाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा तो बाबनिहाय नकाराधिकार होय. याअन्वये राज्यपाल विनियोजन विधेयकातील एखादी बाब नाकारून उरलेल्या विधेयकास संमती देतो. या कल्पनेचा उगम यादवी युद्धकाळातील दक्षिणी राज्यसंघाच्या १८६१ च्या संविधानात आढळतो. त्यानंतर जॉर्जियाने १८६५ मध्ये व टेक्ससने १८६६ मध्ये तिचा स्वीकार केला. सांप्रत सु. ४४ राज्यांत हा अधिकार आहे. राष्ट्राध्यक्षास असा अधिकार देणारा १९९६ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये घटनाबाह्य ठरविला. राज्यपालांचा अधिकार मात्र राज्य-संविधानांतच नमूद असल्यामुळे त्यास बाधा आली नाही.

काही राज्यांत राज्यपाल बाब न वगळता तिची रक्कमच कमी करू शकतो. इलिनॉयच्या १९७० च्या संविधानानुसार नाकारलेली बाब पुन्हा संमत करण्यास प्रत्येक सभागृहातील तीन-पंचमांश सदस्यांचे मत लागते. राज्यपालाने कमी केलेली रक्कम पूर्ववत करण्यास मात्र निर्वाचित सदस्यांचे साधे बहुमत पुरते. नकाराधिकार रद्द करण्यास बहुसंख्य राज्यांत दोन-तृतीयांश मतांची अट आहे.

सर्वांत व्यापक अधिकार विस्कॉन्सिनच्या राज्यपालाचा समजला जातो. १९३० च्या दुरुस्तीनुसार तो विनियोजन विधेयकास अंशतः संमती देऊ शकतो. याचा अर्थ विधेयकातील शब्द व अंकही वगळता येतात, असा लावला गेला. शब्दांतील सुटी अक्षरे गाळून नवा शब्द बनविण्यास १९९० मध्ये, तर दोन वा अधिक वाक्यांचे भाग जोडून नवे वाक्य तयार करण्यास २००८ मध्ये दुरुस्तीने बंदी घालण्यात आली. तथापि २०२३ मध्ये राज्यपाल टोनी एव्हर्स यांनी शाळांसंबंधीच्या तरतुदीतील काही अंक व एक जोडरेषा गाळून २०२४–२५ या वर्षाचे २४२५ असे रूपांतर केले. परिणामतः दर विद्यार्थ्यामागे ३२५ डॉलरची वार्षिक महसूलवाढ दोन वर्षांऐवजी चार शतकांपर्यंत चालू राहण्याची तरतूद झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ही कृती वैध ठरविली.

मिनेसोटात २०१७ मध्ये राज्यपाल मार्क डेटन यांनी विधिमंडळाच्या स्वतःच्या खर्चाचीच तरतूद नाकारली. करविषयक व अन्य तरतुदींवर विधिमंडळाने फेरविचार करावा, हा त्यांचा हेतू होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने नकाराधिकार वैध मानला व दोन्ही शाखांमधील राजकीय तंटा सोडविणे हे न्यायालयाचे काम नव्हे, अशी भूमिका घेतली.

कोंडी व तिचे परिणाम : वित्तीय वर्ष सुरू होऊनही अर्थसंकल्प संमत झाला नाही, तर काय करावयाचे, याविषयी राज्याराज्यांत भिन्न व्यवस्था आहेत. काही राज्यांत तात्पुरत्या विनियोजनावर काम चालते. काही ठिकाणी अत्यावश्यक नसलेली कार्यालये बंद पडतात. मिनेसोटात जुलै २०११ मध्ये शासकीय कामकाज वीस दिवस अंशतः बंद होते. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये रोख पैशाऐवजी देय रकमेच्या नोंदपत्रिका दिल्या. तेथे अर्थसंकल्पास १९३३ पासून दोन-तृतीयांश मते आवश्यक होती. २०१० मधील सार्वमताने ही अट काढून साधे बहुमत पुरेसे ठरविण्यात आले. करवाढीसाठी मात्र जुनी अट कायम राहिली.

सर्वांत दीर्घ कोंडी इलिनॉयमध्ये १ जुलै २०१५ ते ६ जुलै २०१७ या काळात झाली. रिपब्लिकन राज्यपाल ब्रूस राऊनर यांनी मालमत्ताकर गोठविणे, कामगारांच्या सामूहिक वाटाघाटींवर मर्यादा घालणे व पदमुदतीवर बंधन आणणे अशा मागण्या अर्थसंकल्पाशी जोडल्या. सभापती मायकेल मॅडिगन यांच्या नेतृत्वाखालील डेमॉक्रॅटिक बहुमताने त्या अमान्य केल्या. महसुलापेक्षा अधिक खर्चाची विधेयके संमत होताच राज्यपालांनी शालेय शिक्षणाचे वगळून बहुतेक सर्व नाकारली. न्यायालयीन आदेशांमुळे कर्मचाऱ्यांचे वेतन व अनेक वैद्यकीय देणी चालू राहिली. परंतु ज्यांच्या बाजूने असा आदेश नव्हता, अशा समाजसेवी संस्था, विद्यापीठे व गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या यांना अनुदान मिळेनासे झाले. शिकागो स्टेट विद्यापीठास २०१६ मध्ये आर्थिक आणीबाणी जाहीर करून शेकडो कर्मचाऱ्यांना कमी करावे लागले. थकलेली देणी सु. १५ अब्ज डॉलरपर्यंत गेली आणि राज्याची पतश्रेणी सर्व राज्यांत खालची ठरली. अखेर काही रिपब्लिकन सदस्यांनी साथ दिल्यामुळे राज्यपालांचा नकाराधिकार रद्द झाला. ११८ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात त्यासाठी ७१ मते आवश्यक होती व नेमकी तेवढीच मिळाली. वैयक्तिक प्राप्तिकराचा दर ३.७५ वरून ४.९५ टक्के झाला. याचा अर्थ, अर्थसंकल्प नसला तरी खर्च थांबत नाही. तो केवळ न्यायालयाच्या आदेशाने व उधारीने होऊ लागतो आणि त्याचा भार दुर्बल घटकांवर प्रथम पडतो.

भारतातील स्थिती : भारतीय संविधानाने संसदीय पद्धती स्वीकारल्यामुळे असा संघर्ष सहसा उद्‌भवत नाही. अनुदानाची मागणी राज्यपालाच्या शिफारशीने मांडली जाते, परंतु तो सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. धनविधेयक पुनर्विचारार्थ परत पाठविण्याचा अधिकारही त्यास नाही (अनुच्छेद २००). विधानसभेने अर्थसंकल्प फेटाळल्यास मंत्रिमंडळच पायउतार होते. पंजाबात मार्च १९६८ मध्ये निर्माण झालेला पेच सभाध्यक्षांमुळे होता. त्यांनी ऐन अर्थसंकल्पाच्या वेळी सभागृह दोन महिन्यांसाठी तहकूब केले. तेव्हा राज्यपाल दा. चिं. पावटे यांनी सत्रसमाप्ती करून वित्तीय कामकाजाच्या नियमनासाठी अध्यादेश काढला व सभागृह पुन्हा बोलाविले. उपाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली विनियोजन विधेयके संमत झाली. उच्च न्यायालयाने ती अवैध मानली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी राज्यपालांची कृती वैध ठरविली.

मूल्यमापन : बाबनिहाय नकाराधिकारामुळे अनावश्यक खर्चास आळा बसतो, असे त्याचे समर्थक म्हणतात. राज्यपाल त्याचा उपयोग काटकसरीपेक्षा स्वतःच्या धोरणासाठी अधिक करतात, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. विस्कॉन्सिनचा अनुभव या आक्षेपास पुष्टी देतो. इलिनॉयच्या अनुभवावरून मात्र दोन्ही शाखांना परस्परांस रोखण्याची शक्ती देऊन भागत नाही, ठराविक मुदतीत निर्णय घेण्यास भाग पाडणारी तरतूदही संविधानात असावी लागते, हे स्पष्ट होते.