विश्लेषण : एक्सेलमध्ये तारखा का बदलतात?

बँकेच्या संकेतस्थळावरून खात्याचे विवरण डाउनलोड करून एक्सेलमध्ये उघडले, की कधी तारखेच्या जागी ४५००० असा आकडा दिसतो, कधी नुसती '#####' चिन्हे, तर कधी ५ एप्रिलचा व्यवहार ४ मे रोजी झालेला दिसतो. पहिल्या दोन प्रकारांनी माणूस घाबरतो. खरा धोका तिसऱ्यात आहे.

आकडा का दिसतो?

एक्सेल तारीख साठवते ती दिवसांच्या क्रमांकाच्या रूपात. १ जानेवारी १९०० म्हणजे १, या हिशोबाने १५ मार्च २०२३ चा क्रमांक ४५००० येतो. (या मोजणीत १९०० हे लीप वर्ष धरले आहे, जे ते नव्हते. 'लोटस १-२-३' या त्या काळच्या लोकप्रिय प्रणालीतील चूक सुसंगततेसाठी तशीच घेतली गेली आणि आजही कायम आहे.) सेलचे स्वरूप 'डेट' केले की आकड्याची तारीख होते. '#####' चा अर्थ बहुतेक वेळा रकाना अरुंद आहे, इतकाच.

दिवस-महिन्याची अदलाबदल कशामुळे?

डाउनलोड केलेली फाइल अनेकदा सीएसव्ही प्रकारची असते. तिच्यात ०५/०४/२०२५ हा निव्वळ मजकूर असतो. त्यातला दिवस कोणता आणि महिना कोणता, हे फाइल सांगत नाही. ते ठरते संगणकाच्या 'रीजन' सेटिंगवरून. आपल्याकडच्या कित्येक संगणकांवर ते अमेरिकी पद्धतीचे, म्हणजे आधी महिना असे असते. मग ५ एप्रिलचा ४ मे होतो. २५/०४/२०२५ मात्र तशीच राहते, कारण पंचविसावा महिना नसतो. एक्सेल तिला तारीख न मानता मजकूर म्हणून डावीकडे सरकवते. एकाच रकान्यात काही नोंदी उजवीकडे, काही डावीकडे दिसल्या तर उजवीकडच्यांवर संशय घ्यावा. वर्षातल्या १३२ तारखा अशा आहेत, की त्या उलटल्या तरी खऱ्याच वाटतात. कर्जाचा हप्ता, विम्याची मुदत, बाळाच्या लसीचा पुढचा दिवस यांपैकी काहीही त्यात सापडू शकते.

शास्त्रज्ञांनाही फटका?

होय. 'सेप्ट२' या जनुकाच्या इंग्रजी संक्षेपाला एक्सेल २ सप्टेंबर समजत असे. जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ मधील पाहणीत आढळले. अखेर २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलण्यात आली. 'सेप्ट२' चे 'सेप्टिन२' झाले. मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय दिली ती २०२३ मध्ये.

उपाय काय?

सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करू नये. कोरी शीट उघडून 'डेटा' टॅबमधील 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' मधून ती आणावी आणि रकान्यातील तारखांचा क्रम तिथे स्पष्ट करावा. आधीच उलटलेली तारीख स्वरूप बदलून सुधारत नाही, कारण आतला क्रमांकच चुकलेला असतो. मूळ फाइल पुन्हा आणावी लागते. म्हणूनच बिघडलेली शीट मूळ फाइलवर 'सेव्ह' करणे सर्वांत महाग पडते. माहिती पाठवणाऱ्या कार्यालयांनी २०२५-०४-०५ असा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हा आयएसओ ८६०१ मानकाचा क्रम वापरला, तर हा गोंधळ बहुतेक उद्भवतच नाही. हे मानक १९८८ पासून उपलब्ध आहे.