मोटरसायकलची निवड : सोय आणि आनंद

सरकारी खरेदीचा एक जुना नियम आहे. आधी गरज काय ती लिहून काढावी, मग तिला अनुरूप अशा वस्तूचे वर्णन ठरवावे, आणि त्यानंतरच निविदा मागवाव्यात. या पद्धतीची चेष्टा करणारे आपण सारे घरची खरेदी करताना मात्र नेमके उलट वागतो. दुकानाच्या काचेआड उभी असलेली एखादी मोटरसायकल मनात भरते आणि मग तिला साजेशी गरज आपण मागाहून शोधून काढतो. काही जण दुसऱ्या टोकाला जातात. पेट्रोलच्या एका थेंबावर ती किती धावते एवढेच ते विचारतात, आणि पुढची आठ-दहा वर्षे रोज सकाळी नाखुशीने तिच्यावर स्वार होतात. या दोन टोकांच्या मध्ये एखादी शहाणपणाची वाट आहे काय, याचा आज विचार करावयाचा आहे.

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. घरापासून कचेरी पंधरा किलोमीटर असेल, तर जाऊन-येऊन रोजचे तीस किलोमीटर होतात. शहरातील गर्दीत त्यास दीड तास सहज लागतो. वर्षातून तीनशे दिवस हा क्रम चालला, तर साडेचारशे तास, म्हणजे जवळजवळ एकोणीस अहोरात्र, माणूस वाहनावर बसून काढतो. इतका काळ ज्याच्या संगतीत घालवायचा, तो सोबती केवळ काटकसरी असून भागत नाही. त्याचा सहवासही सुखाचा हवा. सुखाची ही अपेक्षा चैनीत जमा करण्याचे कारण नाही. त्रासून, पाठ अवघडून घरी परतलेल्या माणसाचा त्रागा शेवटी घरच्यांनाच सोसावा लागतो.

सोय आणि आनंद यांचे वैर आहे ही समजूत आपल्याकडे रुजली, त्यास थोडा इतिहास कारणीभूत आहे. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया कंपनी उभी राहिली व ३५० सी.सी.ची ‘बुलेट’ येथे जुळवली जाऊ लागली. १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यातून ‘जावा’ बाहेर पडू लागली. ही वाहने रुबाबाची होती, पण मध्यम वेतनाच्या माणसाला पेट्रोलचा खर्च जड जाई. १९८५ साली दोन अगदी भिन्न प्रकृतीच्या गाड्या आल्या. यामाहाची ‘आरएक्स १००’ टू-स्ट्रोक होती. अशा इंजिनात दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो, म्हणून गाडी चपळ असते. परंतु धुराबरोबर थोडे न जळलेले पेट्रोलही बाहेर जाते आणि सोबत वंगणही जळते. हीरो होंडाची ‘सीडी १००’ फोर-स्ट्रोक होती. तिच्यात दोन फेऱ्यांत एक स्फोट. ओढ कमी, पण पेट्रोलची बचत मोठी. एक आनंदाची, दुसरी संसाराची, अशी वाटणी तेव्हा लोकांच्या मनात पक्की झाली. २००१ साली पुण्याच्या बजाज कंपनीने १५० आणि १८० सी.सी.ची फोर-स्ट्रोक ‘पल्सर’ आणली, आणि रोजच्या वापराचे वाहनही चालवण्यास रंजक असू शकते हे सामान्य ग्राहकाला पटले. ‘आरएक्स १००’ आता बनत नाही. पण ती मनोवृत्तीतील वाटणी अजून पुरती मिटलेली नाही.

मुळात मोटरसायकल चालवण्याचा आनंद कशात असतो? पुष्कळांचे उत्तर ‘वेगात’ असे येईल. पण शहरात आपला वेग बहुधा ताशी वीस ते पन्नास किलोमीटरच्या आत असतो. ताशी एकशे तीस किलोमीटर धावण्याची शक्ती तेथे बिनकामाची आहे. या मर्यादेत जे सुख मिळते ते दोन गोष्टींतून. पहिली, मंद वेगातही इंजिनाने दिलेली तत्पर ओढ. यंत्रशास्त्रात हिला टॉर्क म्हणतात. ही ओढ इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच मिळत असेल, तर पुढचे वाहन हळू झाले की दर वेळी गिअर बदलावा लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हलकेपणा. वळणावर गाडी कलते आणि अंगाबरोबर वळते, यातच या वाहनाची खरी गंमत आहे. आणि ती गंमत हलक्या गाडीत तीस किलोमीटरच्या वेगालाही मिळते. म्हणजे शहरापुरते तरी आनंद आणि सोय ही एकाच झाडाची फळे आहेत.

आता वजनाचेच पाहा. १०० सी.सी.ची सामान्य गाडी सुमारे ११० ते ११५ किलोची असते. १५० ते १६० सी.सी.ची बहुधा १४० ते १५० किलोच्या आसपास. आणि ३५० सी.सी.ची ‘क्लासिक’ १९५ किलोची. मोकळ्या रस्त्यावर हे वजन स्थैर्य देते, म्हणून लांबच्या प्रवासात ते हवेसे वाटते. पण अरुंद वाहनतळात, चढावर, पावसात, मागे डबा आणि पिशवी बांधलेली असताना तेच वजन दोन्ही हातांनी सावरावे लागते. दुकानात गाडीवर नुसते बसून पाहू नये. तिच्या बाजूला उभे राहून ती मागे ढकलून पाहावी. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात काय हेही पाहावे. घरातील आणखी कोणी ती चालवणार असेल, तर त्यालाही बरोबर न्यावे. आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीचे मत तर अवश्य घ्यावे, कारण मागील आसनाची रचना करताना तिला कोणी विचारलेले नसते.

आनंदाची किंमतही मोजता येते. महिन्याला ७५० किलोमीटर धरले, तर लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी साडेबारा लिटर पेट्रोल पिईल. ४५ देणारी सुमारे पावणेसतरा लिटर. आणि ३५ देणारी साडेएकवीस लिटरच्या जवळपास. लिटरला शंभर रुपये धरल्यास लहान आणि मधल्या गाडीतील फरक महिना सव्वाचारशे रुपयांचा, तर लहान आणि मोठ्या गाडीतील नऊशेचा होतो. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून ज्याने त्याने आपल्या आवडीचे मोल ठरवावे. मात्र विमा, टायर आणि साखळी-चक्रांचा संच यांचा खर्चही त्यात मिळवावा. घरी भारणाची सोय असेल, तर विजेवर चालणारे वाहनही विचारात घ्यावे. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच भरपूर ओढ देते. तळमजल्यावर हक्काची जागा नसलेल्यास मात्र तो मोह तूर्त आवरावा लागेल.

एका बाबतीत काटकसर मुळीच करू नये. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत दुचाकीवरील माणसांचा वाटा सुमारे ४४ टक्के होता. वेग दीडपट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर सव्वादोन पट होते. ब्रेक दाबताच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. तो डिस्क प्रकारचा असावा. ओल्या रस्त्यावर चाक एकाएकी जखडले तर गाडी घसरते. ते जखडू न देणारी एबीएस नावाची योजना १२५ सी.सी.पेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची योजना पुरेशी मानली गेली. पहिल्या पावसात तेलकट झालेल्या डांबरावर हा भेद फार मोठा ठरतो. दोन गाड्यांत मन घुटमळत असेल, तर चांगल्या ब्रेकच्या बाजूने कौल द्यावा. आणि शिरस्त्राणाची किंमत गाडीच्या किमतीतच धरावी.

सारांश असा की, ज्याची रोजची वाट शहरातलीच आहे, त्याला १२५ ते १६० सी.सी.ची, हलकी आणि चांगल्या ब्रेकची गाडी बहुधा दोन्ही सुखे देईल. वाट छोटी आणि खिसा आखूड असेल, तर १०० सी.सी.ची गाडीही बापुडवाणी नव्हे. दर रविवारी घाट ओलांडण्याची हौस खरोखरीच पुरवली जाणार असेल, तरच मोठ्या गाडीचा विचार करावा. मात्र निर्णयापूर्वी ती गाडी आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या गर्दीच्या वेळी चालवून पाहावी. कंपनीचे पत्रक गाडीचे गुण सांगते. आपला रस्ता तिचा स्वभाव सांगतो. आणि रोजचा संसार शेवटी स्वभावाशीच करायचा असतो.