स्वमग्नता आणि आपले कर्तव्य

‘स्वमग्न’ हा शब्द कानी पडला म्हणजे स्वतःच्याच विचारात गढलेला, जगाची पर्वा नसलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘ऑटिझम’ ह्या मूळ शब्दातही ‘स्व’ हाच अर्थ आहे, आणि पुष्कळसा गैरसमज ह्या नावातूनच उपजतो. वस्तुतः स्वमग्न मुलाला जग नको असते असे नाही. जग ज्या गलबल्याने आणि ज्या आडवळणाने त्याच्याशी बोलते, ते त्याला पेलत नाही. कुकरची शिट्टी एखाद्याला असह्य होते. थट्टेने बोललेले वाक्य तो अक्षरशः खरे मानतो. तोच रस्ता, तीच थाळी, तोच क्रम हा बहुधा त्याचा हट्ट नसून, बेभरवशाच्या जगात त्याने शोधलेला आधार असतो.

१९४३ साली डॉ. लिओ कॅनर ह्यांनी बाल्टिमोर येथे अशा ११ मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे ह्या अवस्थेचा दोष आईच्या तथाकथित थंड वागणुकीवर लादला गेला. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर ह्यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा वाटा किती मोठा आहे हे दाखविले. ही मेंदूच्या घडणीतलीच भिन्नता आहे. तिला आईबापांचे वळण कारण नाही. कोणी मुळीच बोलत नाही, कोणी पदवीधर होतो. कोणाला जन्मभर सोबत लागते. म्हणून एकाचे माप दुसऱ्यास लावू नये.

कॅनरच्या ११ मुलांतला पहिला म्हणजे मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा डोनल्ड ट्रिप्लेट. लाकडी ठोकळे आणि तवे तो तासन्‌तास भिरभिरवत बसे. १९३७ साली आईबापांनी त्याला घराबाहेर एका संस्थेत ठेवले. वर्षभराने परत आणले. १९४२ साली त्याला जवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहावयास धाडले. कॅनर १९४५ साली तेथे गेले, तेव्हा त्या जोडप्याचे शहाणपण पाहून थक्क झाले. मुलाला मोजमापाचे वेड होते, तर त्यांनी त्याला विहीर खणावयास लावून तिची खोली मोजावयास सांगितली. मक्याचे तास तो पुन्हा पुन्हा मोजी, तर नांगरता नांगरता मोज, म्हणाले. खेड्यातल्या शाळेनेही त्याच्या लकबी मान्य केल्या, आणि अभ्यासात त्याची चांगली प्रगती झाली. पुढे १९५८ साली तो पदवीधर झाला, गावच्याच बँकेत त्याने अनेक वर्षे नोकरी केली, मोटार चालविली, एकट्याने देशोदेशी प्रवास केला. २०२३ साली, ८९व्या वर्षी तो वारला.

त्या जोडप्याने मुलाची खोड मोडली नाही. तिला काम दिले. हेच सूत्र आपणांस घरी, शाळेत आणि कचेरीत वापरता येईल. घरी दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर मांडावा, आणि बदल होणार असेल तर आधी सांगावे. हात हलविणे, डोलणे ह्यांवर रागावू नये. त्याने मन शांत होते. शाळेत गोंगाटापासून दूरची जागा द्यावी, सूचना एका वेळी एकच आणि सरळ शब्दांत द्यावी. ‘नजरेला नजर दे’ असा आग्रह धरू नये. खाली पाहूनही मूल ऐकत असते. कचेरीत मुलाखतीतल्या चतुर उत्तरांपेक्षा प्रत्यक्ष काम करवून पाहावे, आणि काय अपेक्षित आहे ते लिहून द्यावे.

तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाही. डोनल्डच्या आजोळची बँकेत मालकी होती. सर्वांच्याच आजोळी बँक नसते. म्हणून समाजाने आणि कायद्याने हात द्यावा लागतो. आपल्या देशात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या आहेत; त्यांतील १ टक्का स्वमग्न, बौद्धिक अक्षमता असलेले आणि अशाच इतर काही गटांचा मिळून आहे. पण जागा कायदा देतो, सामावून घेणे शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या हाती असते. ‘आमच्या माघारी ह्याचे कसे होणार?’ ही चिंता अशा प्रत्येक घरात असते. तिचे उत्तर एकटे आईबाप देऊ शकत नाहीत. ते गावाने द्यावयाचे आहे.