पायाखालची कडी

जुन्या वाड्यात दिवाणखान्यात आडवं पडलं की डोळ्यांपुढे कडीपाट यायचा. ओळीनं टाकलेल्या लाकडी कड्या, त्यांवर फळ्या, वर मातीची जमीन. वाडे गेले, स्लॅब आला, आणि 'कडी' म्हणजे दाराची, एवढंच नव्या पिढीला ठाऊक राहिलं. हा कडीपाट मला पुन्हा भेटला तो अमेरिकेत, मिशिगनमध्ये, मुलीच्या तळघरात.

तिथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. तळघराच्या भिंतींवर सहसा दर १६ इंचांवर एक कडी, वर फळ्या, गालिचा आणि सगळा संसार. मजुरी इतकी महाग की चांगले शिकलेसवरलेले लोक शनिवार-रविवारी करवत हातात घेतात. आमच्या जावयांनीही तळघरात मुलांसाठी खोली करायला घेतली. अडचण उंचीची. गरम हवेचा पत्र्याचा नळ कड्यांच्या खालून गेलेला. जावई म्हणाले, "अण्णा, चार कड्यांना खालून पाच-पाच इंच खाच मारली की नळ वर जातो. वरच्या पाच इंचांवर भागेल की!"

मुलगी म्हणाली, "गणपतीत वर चाळीस माणसं आरतीला उभी असतात." झालं, करवत खाली ठेवली गेली.

लाकडाचा हिशेब आपल्या व्यवहारी हिशेबासारखा नाही. कडीवर भार आला की तिची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते. मधोमध यातलं जवळजवळ काहीच नसतं. म्हणून मध्यावर भोक चालतं, खालच्या कडेला खाच नाही. शिवाय खाचेच्या कोपऱ्यापासून लाकूड रेषेरेषेनं चिरत जातं. कडीची उंची निम्मी केली तर त्या जागी ताकद निम्मी नव्हे, पाव उरते.

नियमही तसेच आहेत. तिथली 'दोन बाय दहा'ची कडी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच उंच. (नावात आणि मापात हा फरक कशासाठी, ते दुकानदारालाच विचारावं!) खाच उंचीच्या एकषष्ठांशाहून, म्हणजे दीड इंचाहून, खोल नको, आणि लांबीच्या मधल्या तिसऱ्या भागात तर मुळीच नको. भोक एकतृतीयांशापर्यंत, तेही वरच्या-खालच्या कडेपासून दोन इंच सोडून.

सल्ल्यासाठी इंजिनियर बोलावला, तर तो नळाकडे न पाहता बाथरूमच्या खाली जाऊन थांबला. आधीच्या कुणा मालकानं सांडपाण्याचा पाइप न्यायला दोन कड्या अर्ध्याहून अधिक कापल्या होत्या. मुलं धावली की कपाटातले पेले का किणकिणतात, ते तेव्हा कळलं. बँकेत असताना घरतारणाची कागदपत्रं मी बारकाईनं तपासली. त्यांत कडीसाठी रकाना नसतो.

नगरपालिकेचा परवाना काढून आधी प्लंबरकडून पाइप हलवला. मग खांब लावून, जॅकनं रोज थोडंथोडं उचलत जमीन सरळ केली. घाईनं उचललं तर वरच्या भिंतींना तडे जातात. प्रत्येक कापलेल्या कडीला तेवढ्याच उंचीची नवी कडी चिकटवून बोल्टनं आवळली, दोन्ही टोकं आधारावर टेकतील अशी. या जोडीला तिथले सुतार 'बहीण देणं' म्हणतात; मला हा शब्द फार आवडला.

गरम हवेचा नळ भिंतीकडेला सरकवून पेटीत झाकला. त्याच्या खाली आता मुलांचं पुस्तकांचं कपाट आहे. तिथे ताठ उभं राहायची कुणालाच गरज पडत नाही.