नाताळ : गव्हाणीतला अर्थ

नाताळ आला की घरांवर कागदी चांदण्या लागतात, बेकऱ्यांतून केकचा वास येतो, दुकानांच्या दारात कापसाच्या दाढीचा सांताक्लॉज उभा राहतो. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. त्याचा अर्थ जन्म. पण एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी गेलात, तर त्या सजावटीतला एक कोपरा जरूर पाहा. तिथं गवताचा गोठा असतो, मातीची मेंढरं असतात आणि मधोमध गव्हाणीत एक बाळ. सणाचा खरा अर्थ त्या गव्हाणीत आहे.

गव्हाणी म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा. लूकच्या शुभवर्तमानात ही कथा येते. रोमन सम्राट ऑगस्टसनं नावनोंदणीचा हुकूम काढला, म्हणून योसेफ आणि गरोदर मरिया नासरेथहून बेथलेहेमला गेले. वाट शंभराहून अधिक किलोमीटरची. तिथं उतरायला जागा नव्हती. बाळ जन्मलं ते कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. ही बातमी आधी कळली ती कुण्या राजाला नव्हे, तर रात्री रानात मेंढरं राखणाऱ्या मेंढपाळांना.

बेथलेहेम या नावाचा हिब्रूतला अर्थ भाकरीचं घर. याच येशूनं पुढं स्वतःला जीवनाची भाकर म्हटलं. म्हणून खाणं ठेवायच्या जागी ठेवलेल्या या बाळात ख्रिस्ती माणसाला एक खूण दिसते: हा जगाची भूक भागवण्यासाठी आला आहे. नाताळच्या मध्यरात्री चर्चमध्ये जी भाकर मोडली जाते, तिचं नातं या गव्हाणीशी आहे.

संत पौलानं फिलिप्पैच्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेल्या पत्रात याचा उलगडा सापडतो. ख्रिस्तानं आपलं देवपण मिरवलं नाही. ते बाजूला ठेवून तो दास झाला आणि क्रुसावरच्या मरणापर्यंत नम्र राहिला, असं पौल सांगतो. म्हणजे गव्हाणीची वाट थेट क्रुसाकडे जाते. नाताळच्या आनंदात ही वेदना आधीच मिसळलेली आहे.

मी मुसलमान. कुरआनात मरियमच्या नावाची एक सूरा आहे. तिथं ती एकटीच, खजुराच्या झाडापाशी प्रसूतीच्या कळा सोसते. आम्ही हजरत ईसांना पैगंबर मानतो, ईश्वराचा पुत्र मानत नाही. हा फरक मोठा आहे आणि गोड बोलून तो मिटवू नये. पण दुसऱ्याचा सण त्याच्या अर्थानं समजून घ्यायला फरक आड येत नाही.

तरुणपणी मी एका शहरात भाड्यानं खोली शोधत होतो. खोली पसंत पडली, भाडं ठरलं. मग मालकांनी नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्यांना आठवलं, की खोली कालच दुसऱ्या कुणाला दिली आहे! पुढं लूकची कथा वाचली, तेव्हा ‘जागा नव्हती’ या शब्दांशी मी थांबलो. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणं देव जागा देणाऱ्यांत आला नाही, मागणाऱ्यांत आला. मला फार बरं वाटलं.

पण ते बरं वाटणं टिकलं नाही. माझं स्वतःचं घर झाल्यावर एका पावसाळी रात्री, पाल उडालेलं एक कुटुंब ओसरीवर निजू द्या म्हणून आलं होतं. बाईच्या कडेवर मूल होतं. मी दार अर्धंच उघडलं आणि जागा नाही म्हणालो. ओसरी रिकामी होती. गव्हाणीतलं बाळ पाहिलं, की आता मला खोलीचा मालक आठवत नाही. ते कडेवरचं मूल आठवतं.

बेथलेहेमच्या जन्मस्थानी जे प्राचीन चर्च आहे, त्याचं दार जेमतेम चार फुटांचं आहे. घोडेस्वारांना आत घुसता येऊ नये म्हणून ते लहान केलं, असं सांगतात. त्याला ‘नम्रतेचं दार’ म्हणतात. राजा असो की मेंढपाळ, आत जायचं तर वाकावं लागतं. देव माणसासाठी वाकला, ही नाताळमागची श्रद्धा आहे. ती ज्यांची नाही, त्या आपल्यासारख्यांना निदान आपलं दार पूर्ण उघडता यावं.