बाहेरून दहावी

मराठी वाचकास बेंगळुरूच्या मल्लेश्वरमची ओळख करून द्यावयाची झाल्यास ती काडु मल्लेश्वराच्या देवळापासून करून देणे सोयीचे पडते. कारण बेंगळुरूची जहागीर शहाजीराजांकडे आल्यानंतर त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी या देवस्थानास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा उल्लेख १६६९ च्या शिलालेखात आहे, आणि १८९८ च्या प्लेगाने जुन्या पेठा हवालदिल झाल्यावर मोकळ्या हवेची नवी वसाहत आखण्यात आली तेव्हा तिने नाव घेतले ते याच देवाचे. देवळाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. त्याच वसाहतीत सहाव्या क्रॉसवर जी एक सरकारी कचेरी आहे, तिच्याविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही. वास्तविक कर्नाटकातील असंख्य कुटुंबांच्या आयुष्याला वळण लावणारा कागद हीच कचेरी देत आली आहे. ही कचेरी म्हणजे दहावीची, अर्थात एसएसएलसीची, परीक्षा घेणारे राज्य मंडळ.

या मंडळाचा कायदा १९६६ चा. बारावीची परीक्षा पूर्वी ज्याच्याकडे होती ते पदवीपूर्व शिक्षण खातेही याच मल्लेश्वरममध्ये, संपिगे रस्त्यावर अठराव्या क्रॉसपाशी. २०२२ साली त्या खात्याकडील हे कामही मंडळाकडे सोपवून त्याचे नाव कर्नाटक शालेय परीक्षा व मूल्यनिर्णय मंडळ असे करण्यात आले. दरवर्षी आठ लाखांच्या आसपास मुले दहावीस बसतात, निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रे पहिल्या आलेल्यांची छायाचित्रे छापतात, आणि मंडळाचे नाव दोन दिवस सर्वांच्या तोंडी राहते. माझे लक्ष मात्र त्या मोठ्या संख्येकडे नसून तिच्या कडेला असलेल्या एका लहान वर्गाकडे आहे, ज्याला दफ्तरी भाषेत खासगी उमेदवार म्हणतात आणि ज्याच्याविषयी आपण घरात बोलताना ‘बाहेरून दहावी केली’ असे म्हणतो.

वयाची पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या, काही कारणाने शाळा सुटलेल्या कोणाही व्यक्तीने ठरवून दिलेल्या शाळेमार्फत अर्ज करावा, शुल्क भरावे आणि इतरांबरोबर परीक्षेस बसावे, असा हा शिरस्ता आहे. वयाची खालची मर्यादा आहे, वरची नाही. पन्नाशीच्या गृहिणीने किंवा साठीच्या निवृत्त शिपायाने अर्ज केला तर त्याला हरकत घेण्याचा अधिकार कोणत्याही कारकुनास नाही. ही गोष्ट वाचताना साधी वाटते, पण तिच्यामागे एक उदार तत्त्व आहे: तुम्हांला काय येते एवढेच परीक्षेने विचारावे, ते तुम्ही कोठे, कोणाजवळ आणि कोणत्या वयात शिकलात हे विचारू नये. ज्या देशात शिक्षणाचा अधिकार शतकानुशतके जन्मावरून ठरत आला, तेथे हे तत्त्व सरकारी नियमावलीत येऊन बसावे, याचे मोल मला फार मोठे वाटते.

या वाटेने गेलेल्यांत आपल्या देशातील एक अत्यंत कर्तृत्ववान स्त्री आहे, आणि महाराष्ट्राचे तिच्याशी नातेही आहे. दुर्गाबाई देशमुख या जन्माने राजमहेंद्रीच्या; बालपणी झालेला विवाह त्यांनी पुढे नाकारला, स्वातंत्र्याच्या चळवळीत कारावास सोसला, आणि सुटून आल्यावर बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा बाहेरून दिली. तेथून त्या पदवीपर्यंत, मग कायद्याच्या सनदेपर्यंत आणि अखेर संविधान सभेपर्यंत पोहोचल्या. परंतु त्यांचे खरे मोठेपण यापुढे आहे. मद्रासमध्ये आसपासच्या मुलींना त्याच बनारसच्या मॅट्रिकसाठी शिकविण्याचे वर्ग त्यांनी काढले, आणि आंध्र महिला सभेचा पाया त्या वर्गांत घातला गेला. १९५३ मध्ये महाराष्ट्राच्या चिंतामणराव देशमुखांशी त्यांचा विवाह झाला, त्याच वर्षी स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या, आणि १९५८ पासून त्या मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले, ज्यांत अर्धवट शिकलेल्या बाईस दोन वर्षांत शालान्त परीक्षेपर्यंत नेण्याची योजना होती. परीक्षेस बसण्याची मुभा असली म्हणजे काम झाले असे त्यांनी मानले नाही. मुभेच्या जोडीला शिकविणारा माणूस, पुस्तके आणि लहान मुलास सांभाळण्याची सोय लागते, हे त्यांना स्वानुभवाने आणि सहवासाने ठाऊक होते.

आज बाहेरून बसणारे कोण असतात? वडील गेल्यामुळे आठवीतून दुकानात बसलेला मुलगा आता चाळिशीचा होऊन बसतो. नववीच्या उन्हाळ्यात लग्न लावून दिलेली मुलगी स्वतःची मुले कॉलेजात गेल्यावर बसते. बढतीच्या यादीत वर्षानुवर्षे नाव येऊनही दाखल्याअभावी मागे ठेवला गेलेला चतुर्थ श्रेणी कर्मचारी बसतो, आणि परदेशी मजुरीस जाऊ इच्छिणारा गवंडीही बसतो, कारण दहावी उत्तीर्ण असल्याचा दाखला जोडला तर त्याच्या पासपोर्टावर परदेशगमनाच्या तपासणीची अट राहत नाही. दहावीची गुणपत्रिका हा आपल्याकडे जन्मतारखेचा सर्वमान्य पुरावा आहे, हेही विसरता येत नाही. ज्याची जन्मनोंदच झाली नाही अशा माणसाला सरकारदरबारी स्वतःचे वय सिद्ध करताना किती दारे झिजवावी लागतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या कागदाचा आग्रह व्यर्थ वाटणार नाही. आणि या सर्व व्यवहारी कारणांपलीकडे एक कारण असते, जे अर्जावर लिहिले जात नाही. मुलाच्या शाळाप्रवेशाच्या फॉर्मावर आईचे शिक्षण लिहिण्यासाठी एक रकाना असतो, आणि तो रकाना भरताना ज्या बाईचा हात दर वेळी थबकतो तिला त्या परीक्षेची गरज नोकरीसाठी नसते.

बेंगळुरूतील मराठी घरांत दहावी राहून गेल्याची ही उणीव नाही असे समजण्याचे कारण नाही. येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेली भावसार क्षत्रिय, नामदेव शिंपी आणि मराठा कुटुंबे आहेत. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, असा त्यांचा दुहेरी संसार. त्यांच्यातील ज्यांना बाहेरून दहावी द्यावयाची आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे, ती ही की या मंडळाच्या प्रथम भाषांच्या यादीत कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, उर्दू, इंग्रजी व संस्कृत यांच्याबरोबर मराठीही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि बिदरकडचा मराठी भाग नव्या राज्यात आला, तेथे मराठी शाळा चालू होत्या आणि आहेत. त्यांच्यासाठी राखलेली ही सोय राजधानीतील शिंप्याच्या घरालाही खुली आहे.

आता परीक्षेच्या स्वरूपाकडे वळू. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान असे सहा विषय. प्रथम भाषेस १२५ व इतर पाचांस प्रत्येकी १००, म्हणजे एकूण ६२५ गुण. शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्यास यांपैकी काही गुण शाळाच अंतर्गत मूल्यमापनातून देते. बाहेरून बसणाऱ्याच्या पाठीशी शाळा नसते, तेव्हा त्याला सगळे गुण त्या तीन तासांच्या उत्तरपत्रिकेतूनच मिळवावे लागतात. २०२४ मध्ये मंडळाने एकाच वर्षात तीन परीक्षा घेण्याची पद्धत आणली, आणि एका विषयात राहिलेल्या प्रौढास वर्षभर न थांबता पुन्हा बसता आले. हा बदल स्तुत्य होता. पण मूळ अडचण त्याने मिटत नाही, कारण प्रश्नपत्रिका पंधरा वर्षांच्या मुलाच्या पाठ्यपुस्तकातून निघते. ज्या बाईने वीस वर्षे भिशीचे हिशेब चोख ठेवले, व्याज आणि मुद्दल यांचा मेळ तोंडी घातला, कापडाच्या तिरक्या कापात किती इंच वाया जातील ते नजरेने ओळखले, तिला त्रिकोणमितीची नित्यसमीकरणे सिद्ध करता न आल्यामुळे गणितात नापास व्हावे लागते. तिच्याजवळचे ज्ञान मोजण्याची तजवीज त्या प्रश्नपत्रिकेत नाही. अमेरिकेत १९४२ साली, युद्धामुळे शिक्षण तुटलेल्या सैनिकांसाठी जी समकक्ष परीक्षा रचण्यात आली, तिच्या रचनाकारांनी नेमका हाच विचार केला होता: प्रौढाला शाळेचा धडा पाठ म्हणावयास न लावता वाचून समजण्याची, हिशेब करण्याची आणि विचार मांडण्याची त्याची शक्ती अजमावावी.

आपल्याकडे या विचाराच्या जवळ जाणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक प्रकल्प म्हणून १९७९ मध्ये तिचा आरंभ झाला, १९८९ मध्ये ती राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने स्वतंत्र झाली, आणि २००२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. हिच्या दहावीस पूर्वीच्या शाळेचा दाखला नसला तरी चालते; उमेदवाराने स्वतःच्या शिक्षणाविषयी दिलेले प्रतिज्ञापन पुरते. पाच विषय घ्यावयाचे, त्यांत निदान एक भाषा असावी; बाकीचे विषय आपल्या मगदुराप्रमाणे निवडावेत. गणित अनिवार्य नाही. गृहविज्ञान आहे, चित्रकला आहे, व्यापारविषयक अभ्यास आहे. एकदा नोंदणी झाली की ती पाच वर्षे टिकते, त्या मुदतीत नऊ वेळा परीक्षा देता येते, आणि जो विषय सुटला त्याचे गुण जमा राहतात, म्हणजे एका वेळी एकच विषय घेऊन हळूहळू पाच पुरे करण्यासही मज्जाव नाही. घरकाम, आजारपण, लेकीचे बाळंतपण आणि कारखान्याची रात्रपाळी यांतून ज्याला अभ्यास काढावयाचा आहे त्याच्या आयुष्याचा आकार कोणीतरी नीट पाहून हे नियम केले आहेत, असे ते वाचताना वाटते. दहावीचा हा अभ्यास मराठी माध्यमातूनही करता येतो. या प्रमाणपत्राला इतर मंडळांच्या दहावीइतकीच मान्यता आहे, पुढे बारावीस जाता येते. तरीही ‘मुक्त विद्यालयातून का, नेहमीची का नाही?’ असा प्रश्न लोक विचारतात, आणि तो ऐकून कित्येकजण सोयीची वाट सोडून अवघड वाटेला लागतात, याचे मला दुःख होते.

महाराष्ट्रात ‘१७ नंबरचा फॉर्म’ हे शब्द कोणत्याही वस्तीत उच्चारले तरी लोकांना कळतात, कारण तेथे बाहेरून दहावी-बारावीस बसण्याचा मार्ग तो आहे. मुंबई-पुण्याच्या रात्रशाळा हे मात्र त्याहून मोठे धन. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी आपल्या घरी रात्रीची शाळा काढली, आणि तेव्हापासून गिरणीकामगार, हॉटेलातील पोरे, घरोघर धुणीभांडी करणाऱ्या बाया यांना संध्याकाळी सात वाजता फळ्यासमोर बसविणारी एक परंपरा त्या शहरांत टिकून राहिली. फॉर्म आणि रात्रशाळा या दोहोंत जो फरक आहे, तोच माझ्या सांगण्याचा गाभा आहे. फॉर्म परवानगी देतो. रात्रशाळा शिकविते, आणि शिवाय सोबत देते. शेजारच्या बाकावर आपल्यासारखाच थकलेला, आपल्याच वयाचा कोणी बसला आहे हे दिसल्यावर वय झाल्याची लाज जाते, जी एकट्याने स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसले असता सहसा जात नाही.

बेंगळुरूत बाहेरून बसणाऱ्यास अशी सोबत मिळत नाही, याचा दोष सहाव्या क्रॉसवरील मंडळास देणे न्याय्य होणार नाही. कायद्याने त्याच्याकडे परीक्षा दिली आहे, अध्यापन दिलेले नाही, आणि जे दिले आहे ते उघड्या मनाने सर्व वयांसाठी खुले ठेवण्याचे कर्तव्य ते बजावीत आहे. न्यून आहे ते आपल्याकडे, समाजाकडे. मल्लेश्वरमसारख्या भागात, जेथे एका क्रॉसवरून दुसऱ्यावर जाताना शाळा नाहीतर कॉलेज लागते, तेथे सायंकाळी सहानंतर शेकडो वर्गखोल्या कुलूपबंद असतात. तेथेच सेवानिवृत्त शिक्षक, बँकेचे अधिकारी आणि शास्त्रज्ञ संध्याकाळी सँकी तलावाकाठी फेऱ्या मारीत असतात. वर्गखोली आहे, शिक्षक आहे, परीक्षा आहे, आणि विद्यार्थीही त्यांच्याच घरांत पोळ्या लाटीत आहे. या चौघांची गाठ घालून देणारे कोणी नाही. हे काम सरकारी फर्मानाची वाट पाहत थांबावे इतके मोठे नाही. आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन तास, विज्ञान आणि समाजविज्ञान शिकविणारी दोन माणसे, गणित ज्यांना हवे असेल त्यांच्यासाठी एक, आणि कन्नड शिकविणारा एखादा शेजारी, एवढ्यावर दहा जणांचा वर्ग चालू शकतो.

बेंगळुरूतील मराठी मंडळींना म्हणून माझी विनंती आहे. गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग यांसाठी आपण सभागृहे घेतो, वर्गणी गोळा करतो, कार्यकर्ते उभे करतो. त्याच हौसेने यंदा दहावीचा एक सायंवर्ग काढावा. आपल्या घरी, आपल्या सोसायटीत, आपल्या दुकानात काम करणाऱ्यांपैकी नववीत शाळा सुटलेला कोण आहे हे विचारावे, त्याच्याजवळ बसून दोन्ही मार्गांची माहिती सांगावी, कोणता त्याला मानवेल हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे, अर्ज भरून द्यावा आणि परीक्षा होईपर्यंत त्याचा हात सोडू नये.