इगतपुरीचा पाषाण आणि विज्ञानलेखकाची मराठी

इगतपुरी हे नाव महाराष्ट्रात बहुतेकांस रेल्वेमुळे ठाऊक आहे. १८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग वर चढला आणि तेव्हापासून हे घाटमाथ्यावरचे स्थानक झाले. घाटाचा चढ असा की, ३७ फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर यावे. त्यासाठी कसाऱ्यास गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागत आली आहेत. रेल्वेतील मंडळी या इंजिनांस 'बँकर' म्हणतात, आणि या शब्दाचा पैशाच्या पेढीशी काडीचाही संबंध नाही हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

परंतु याच गावाचे नाव आणखी एका वाङ्मयात रूढ आहे, आणि त्याची वार्ता गावास फारशी नसावी. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठास पडलेल्या भेगांतून वर आलेला आणि थरावर थर साचून थिजलेला लाव्हारस होय. हे थर डोळ्यांस बहुधा सारखेच दिसतात. म्हणून १९८० नंतरच्या दशकात भूशास्त्रज्ञांनी त्यांच्या रासायनिक घटकांवरून त्यांची विभागणी केली आणि प्रत्येक विभागास स्थलनाम दिले. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही ती नावे. फेल्डस्पार या खनिजाचे बोटभर लांबीचे स्फटिक ज्यात नुसत्या डोळ्यांनी दिसतात असा एक थर तर थळ घाटाच्याच नावाने ओळखला जातो. जगातील कोणत्याही विद्यापीठात दख्खनच्या पाषाणाचा अभ्यास करणारास ही मराठी गावे तोंडपाठ असतात. 'डेक्कन ट्रॅप' या नावातील पहिला शब्द 'दक्षिण' या शब्दाचा दूरचा वंशज आहे, तर दुसरा जिन्याच्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. आणि घाटातून वर येताना डोंगराच्या पायऱ्या ज्याने खिडकीतून पाहिल्या आहेत त्यास हे नाव का पडले ते वेगळे सांगावयास नको.

इगतपुरीचे नाव असे जगभर गेले. पण तेथे त्या नावाने जे ज्ञान साठले, ते इगतपुरीस परत कोणी आणावयाचे? हे काम संशोधकाचे खरे, परंतु तो आपल्या समव्यवसायी विद्वानांसाठी लिहितो, आणि तेही इंग्रजीत. शिक्षक अभ्यासक्रमाने बांधलेला असतो. उरतो तो विज्ञानलेखक. यांतही ज्याच्या पाठीशी संस्था नाही, वेतन नाही, जो केवळ लेखणीवर जगतो, त्यास आपण 'मुक्त पत्रकार' किंवा 'मुक्त लेखक' म्हणतो. आपल्या संतपरंपरेत 'मुक्त' या शब्दास फार मोठा अर्थ आहे. येथे तो मुख्यतः महिन्याच्या पगारापासूनच्या मुक्तीचा वाचक आहे. त्याला मिळणाऱ्या पैशास आपण 'मानधन' म्हणतो, आणि या समासात मान आधी येतो, हेही सूचकच म्हणावयाचे.

मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, पण ती बव्हंशी नोकरदारांची परंपरा आहे. १८३२ साली 'दर्पण' आणि १८४० साली 'दिग्दर्शन' काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक होते. रसायन, पदार्थविज्ञान इत्यादी विषयांवर मराठीत ग्रंथ रचणारे बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) कोल्हापुरात अध्यापनाच्या नोकरीत होते. १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू झाले, तेही मुख्यतः प्राध्यापक मंडळींच्या निष्ठेवर चालले. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा धाडणारे जयंत नारळीकर त्या वेळी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. पुढे २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले, आणि विज्ञानलेखन हे साहित्याच्या पंक्तीस बसविण्यायोग्य आहे याची ती पावती होती. या सर्वांचे ऋण मोठेच आहे. पण त्यांचे लेखन चरितार्थासाठी नव्हते, हे विसरता येत नाही. दिवसाचे काम संपल्यावर उरलेल्या वेळात ते झाले.

या पार्श्वभूमीवर निरंजन घाटे यांची वाट निराळी दिसते. १९४६ साली जन्मलेल्या घाटे यांचे शिक्षण भूशास्त्राचे. म्हणजे ज्या पाषाणाचा आरंभी उल्लेख केला, तोच त्यांचा मूळ विषय. भूशास्त्राचे अध्यापन आणि पुण्याच्या आकाशवाणी केंद्रातील नोकरी, असे दोन्ही अनुभव गाठीशी असताना त्यांनी नोकरीचा आश्रय सोडला व पूर्ण वेळ लेखन पत्करले. पुढील काही दशकांत त्यांच्या नावावर दीडशेहून अधिक पुस्तके जमा झाली. भूविज्ञान, पर्यावरण, प्राणिसृष्टी, अवकाश, युद्धतंत्र, शास्त्रज्ञांची चरित्रे असे त्यांचे विषय. शिवाय 'स्पेसजॅक' सारखी विज्ञानकथाही. एवढ्या संख्येकडे पाहून विद्यापीठीय मंडळी किंचित भुवया उंचावतात. तो आक्षेप मला मान्य नाही. वेतन नसलेल्या लेखकास एका ग्रंथावर सात वर्षे खर्च करण्याची चैन परवडत नाही. त्याची विपुलता हा त्याच्या व्यवसायाचा धर्म आहे. विचारावयाचे ते एवढेच, की त्या विपुलतेत माहिती खरी आहे का आणि वाक्य सरळ आहे का.

आकाशवाणीचा उल्लेख मी मुद्दाम केला. श्रोत्यास पान मागे उलटता येत नाही. कर्ता एकीकडे आणि क्रियापद चार ओळींपलीकडे असे वाक्य ध्वनिक्षेपकापुढे टिकत नाही. विज्ञानलेखकास याहून चांगली शाळा मिळणे कठीण. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'बर्फाचे द्रवीभवन होते', 'पाण्याचे बाष्पीभवन घडून येते' अशी रचना सर्रास आढळते. वस्तुतः वितळणे, थिजणे, गोठणे, विरघळणे, आटणे, गंजणे, आंबणे अशी पदार्थांच्या स्थित्यंतरांची नेमकी क्रियापदे मराठीपाशी भरपूर आहेत. क्रियापदाचे नाम करावयाचे आणि मग त्यास 'होते'चा टेकू द्यावयाचा, या सवयीने वाक्यास शास्त्रीय रूप येत असेल, पण त्यातील क्रिया मरते.

घाटे यांनी पुढे आपल्या वाचनाचीच हकीकत 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' या नावाने सांगितली. मुक्त विज्ञानलेखकाचे भांडवल म्हणजे वाचन. प्रयोगशाळा त्याची नसते. दुसऱ्याने केलेले शोध वाचून, पडताळून, ताडून पाहून ते तो आपल्या भाषेत उतरवितो. पुस्तके स्वतः विकत घ्यावयाची आणि त्यातून निर्माण केलेल्या लेखाचे मोल मात्र दुसऱ्याने ठरवावयाचे, असा हा व्यापार आहे. तो चालला याचे कारण महाराष्ट्राची नियतकालिके. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेली दिवाळी अंकांची प्रथा, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, आकाशवाणीची भाषणे आणि ग्रंथालयांची खरेदी, या चार खांबांवर मराठी लेखकाचे छप्पर उभे राहिले. यांतील एखादा खांब खचला की प्रथम ओले होतात ते विज्ञानलेखकच. कारण कथाकादंबरीच्या मानाने त्यांची मागणी नेहमीच कमी.

आता शब्दांविषयी. परिभाषेचा प्रश्न निघाला की आपण दोन पक्ष करून भांडतो: संस्कृत धातूंपासून घडवा किंवा इंग्रजी शब्द तसाच घ्या. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोश निर्माण केले. विश्वकोश मंडळानेही १९७६ साली विश्वकोशाचा पहिला खंड काढण्यापूर्वी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रह प्रसिद्ध केला. ही कामे आवश्यकच होती. पण कोशात शब्द केवळ नोंदला जातो; तो जगतो अन्यत्र. इगतपुरी तालुक्यातील भात लावणारा शेतकरी खताच्या दुकानात 'नत्र, स्फुरद, पालाश' हे शब्द उच्चारतो तेव्हा आपण घडीव संस्कृत परिभाषा वापरत आहोत याची त्यास जाणीवही नसते. 'कृष्णविवर' हा शब्दही कोशापेक्षा कथेतून व लेखांतून रुळला. उलट 'हायड्रोजन'साठी सुचविलेले 'उद्जन' पुस्तकातच राहिले. शब्द सोपा की कठीण यापेक्षा तो कोणाच्या हातून, कोणत्या प्रसंगी, किती वेळा वाचकासमोर आला, यावर त्याचे आयुष्य ठरते. आणि ते काम नियतकालिकांत वारंवार लिहिणारा लेखकच करू शकतो.

तिसरा एक साठा आहे, त्याकडे दोन्ही पक्षांचे लक्ष नसते. आमचे विहीर खोदणारे लोक मुरूम, मांजऱ्या, गेरू, कातळ असे भेद बिनचूक करतात. लाव्हारसातील वायूंच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला आणि त्या पोकळ्यांत पुढे दुसरी खनिजे भरलेला तो मांजऱ्या. घट्ट, अभेद्य तो कातळ. पाणी कोठे लागेल हे या भेदावर अवलंबून असल्याने शब्द नेमके राहिले. भूशास्त्रावर मराठीत लिहिणाराने 'सुषिर असिताश्म' अवश्य लिहावे, पण शेजारी 'मांजऱ्या' ठेवावा. वाचकाचा हात तेथे पोचतो.

शब्दाची निवड ही केवळ शैलीची बाब नव्हे, याचा दाखला २०२० च्या साथीने दिला. एकमेकांपासून दूर राहण्याच्या सूचनेचे 'सामाजिक अंतर' असे शब्दशः भाषांतर झाले. ज्या समाजाने अस्पृश्यता पाहिली, त्याच्या कानास हा शब्द खुपला, आणि ते योग्यच होते. सांगावयाचे होते ते 'शारीरिक अंतर' किंवा 'सुरक्षित अंतर'. अशा वेळी दुरुस्ती सुचविणारी माणसे हवीत, आणि ती साथ आल्यावर तयार करता येत नाहीत.

शेवटचा मुद्दा क्रियापदाचा. डायनोसॉर नाहीसे झाले त्याच सुमारास दख्खनचा लाव्हारस वाहत होता. १९८० साली अल्व्हारेझ पितापुत्र व त्यांचे सहकारी यांनी त्या संहाराचे कारण म्हणून अशनिपाताचा सिद्धांत मांडला. पुढे मेक्सिकोत त्याचे प्रचंड विवर ओळखले गेले. तरी लाव्हारसाबरोबर बाहेर पडलेल्या वायूंचा त्या संहारात किती वाटा, हा वाद संपलेला नाही. म्हणजे इगतपुरीचा कातळही त्या खटल्यातील एक साक्षीदार आहे. आता हे मराठीत कसे लिहावयाचे? 'या ज्वालामुखीने डायनोसॉर मारले' असे लिहिले तर मथळा चांगला होतो, पण ते असत्य आहे. 'मारले म्हणे' यात ऐकीवपणा आला. 'मारले असतील' यात नुसता तर्क आहे. 'या वायूंनी हवामान बिघडविले असावे, आणि अशनिपातापूर्वीच काही जीवजाती दुबळ्या झाल्या असाव्यात, असे काही संशोधकांस वाटते. इतरांस तो पुरावा अपुरा वाटतो' हे वाक्य लांबते, मथळ्यात मावत नाही, आणि शब्दांवर मानधन मोजले जात नसेल तर त्याचे जादा पैसेही मिळत नाहीत. तरी लिहावयाचे ते हेच वाक्य.